वसंतापूर्वी छपराखालील रोपवाटिका

पौषातल्या थंडीत मटकीला मोड यावयास वेळ लागतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. श्रावणात रात्री फडक्यात बांधलेल्या मटकीला दुसऱ्या दिवशी मोड दिसू लागतात; तीच मटकी जानेवारीत ग्वाल्हेर किंवा इंदूर येथील घरात दोन-दोन दिवस तशीच पडून राहते. मग गृहिणी ते गाठोडे चुलीजवळ सरकवते, किंवा डब्यात ठेवून वरून जाड कापड गुंडाळते. मटकी तीच, पाणी तेच. बदलते ती केवळ ऊब.

स्वयंपाकघरातील हा साधा अनुभव परसबागेत मात्र विसरला जातो. जानेवारीच्या थंडीत टोमॅटोचे किंवा दुधी भोपळ्याचे बी उघड्या वाफ्यात टाकले जाते, तीन आठवडे वाट पाहिली जाते आणि अखेर 'बी वाईट निघाले' असा निकाल देण्यात येतो. पुष्कळदा बी वाईट नसते. थंडीने त्याला जागे होऊ दिलेले नसते, आणि थंड ओलसर मातीत पडून राहिल्याने ते कुजून गेलेले असते. पैसे जातात ते जातातच. परंतु त्याहून मोठी हानी म्हणजे हंगामाचे तीन आठवडे हातचे निघून जातात. हे तीन आठवडे वाचवावयाचे कसे, याचे उत्तर घराच्या छपराखाली आहे.

दोन संकटांमधील वसंत

मध्यप्रदेशाच्या उत्तर भागात वसंत ऋतू फार अल्पायुषी असतो. ग्वाल्हेर येथे जानेवारीतील रात्रीचे सरासरी किमान तापमान 7 अंश सेल्सियसच्या आसपास असते, इंदूर येथे ते 10 अंशांच्या जवळपास असते. थंडीची लाट आली म्हणजे ते याहूनही पुष्कळ खाली जाते आणि पानांवर पडलेले दहिवर गोठून पिके करपतात. यालाच तिकडील शेतकरी 'पाला पडणे' असे म्हणतात. ही भीती फेब्रुवारीत ओसरते न ओसरते, तोच एप्रिलमध्ये पारा 40 अंशांकडे धावू लागतो आणि मे महिन्यात 'लू' वाहू लागते.

टोमॅटोच्या झाडाला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. थंडीत त्याची वाढ खुंटते, तर दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर गेले व रात्रीही उष्ण राहू लागल्या की परागकण निकामी होऊन फुले गळतात. झाड हिरवेगार दिसते, पण त्याला फळ धरत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास उघड्यावर बी पेरले, तर रोप मार्चच्या अखेरीस लावणीस येते आणि त्याला फुले येतात ती एप्रिलच्या शेवटी, म्हणजे नेमकी भर उन्हाळ्यात. याउलट नोव्हेंबरच्या अखेरीस आडोशाला पेरलेल्या बियांची रोपे जानेवारीच्या अखेरीपासून वाफ्यात लावता येतात, मार्चमध्ये फुलतात आणि एप्रिलच्या मध्यापासून फळे देऊ लागतात. झाड तेच आणि कष्टही तेवढेच. फरक पडतो तो आधी वाचवलेल्या दिवसांचा.

वेलवर्गीय भाज्यांच्या बाबतीत आणखी एक लाभ आहे. काकडी, दुधी भोपळा, खरबूज यांच्या वेलांवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात, आणि फळ धरते ते मादी फुलाला. दिवस लहान व हवा थंड असताना वाढलेल्या वेलांवर मादी फुलांचे प्रमाण अधिक राहते. उन्हाळा चढत गेला, दिवस मोठे झाले, की नर फुले वाढतात. म्हणजे लवकर लावलेला वेल लवकर फळ देतो, एवढेच नव्हे, तर अधिक फळे देण्याचा संभवही असतो.

ही युक्ती नवी नाही

थंडीत बी जपण्याची ही विद्या आजची नव्हे. गंगा-यमुनेच्या पात्रात पावसाळ्यानंतर जी वाळू उघडी पडते, तीत तेथील शेतकरी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच चर खणून शेणखत घालतात व वेलवर्गीय भाज्यांची लागवड करतात. वायव्येकडून येणाऱ्या थंड वाऱ्यापासून कोवळ्या रोपांचे रक्षण व्हावे म्हणून त्या बाजूस सरकंड्याच्या गवताचे कूड उभे केले जातात. दिवसा वाळू तापते, कुडामुळे वारा अडतो, आणि उन्हाळ्याच्या आरंभीच बाजारात भाजी येते.

आधुनिक शास्त्राने याच तत्त्वाला अधिक नेटके रूप दिले आहे. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने डिसेंबर-जानेवारीत हरितगृहामध्ये लहान खणांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये वेलवर्गीय भाज्यांची रोपे करण्याचे तंत्र प्रचारात आणले. या ट्रेमध्ये मातीऐवजी कोकोपीट, व्हर्मिक्युलाईट व परलाईट यांचे 3:1:1 या प्रमाणात मिश्रण भरतात. ऐन थंडीतही महिन्याभरात रोपे लावणीस तयार होतात आणि पीक सुमारे महिना-दीड महिना आधी हाती येते. घरच्या परसबागेसाठी हरितगृहाची आवश्यकता नाही. तेच काम दक्षिणेकडील पडवी, एक उथळ खोके आणि थोडे गोणपाट यांच्या साह्याने साधते.

पहिली गरज : ऊब

बी रुजण्यास किती दिवस लागावेत, हे मातीच्या तापमानावर अवलंबून असते. टोमॅटोचे बी 25 अंश सेल्सियस तापमानात सुमारे 6 दिवसांत उगवते. 15 अंशांवर त्यास 14 दिवस लागतात. आणि 10 अंशांवर तर सहा आठवडे जातात. मिरची याहून अधिक उबेची अपेक्षा करते. 25 अंशांवर 8 दिवसांत उगवणारी मिरची 15 अंशांवर 25 दिवस घेते. काकडीचे बी 25 अंशांवर चौथ्या दिवशी वर येते, 15 अंशांवर मात्र जवळजवळ दोन आठवडे लावते. या आकड्यांवरून ध्यानात येईल की, उघड्या वाफ्यात तीन आठवडे वाट पाहणारा बागाईतदार बियाण्याला उगाच दोष देत असतो.

मोठ्या बियांना आधी मोड आणणे हा यावरील उत्तम उपाय होय. काकडीचे बी तीन-चार तास, दुधी भोपळ्याचे रात्रभर आणि जाड कवचाचे कारल्याचे बी 24 तास कोमट पाण्यात भिजवावे. नंतर ते ओल्या फडक्यात बांधून, वर गोणपाट गुंडाळून उबदार जागी ठेवावे. खेड्यात हे गाठोडे कुजत असलेल्या शेणखताच्या ढिगात पुरून ठेवण्याची पद्धत आहे, कारण ढिगाच्या पोटात थंडीतही चांगली ऊब असते. शहरात चुलीजवळची किंवा शीतकपाटाच्या मागील बाजूची जागा चालते. गाठोडे रोज उघडून पाहावे. बियांतून मुळाचे पांढरे टोक दिसू लागताच ती पेरावीत. मटकीप्रमाणे लांब मोड येण्याची वाट पाहू नये. लांब झालेले मूळ पेरताना तुटते.

टोमॅटो, वांगी व मिरची यांचे बारीक बी आधी मोड न आणता पेरले तरी चालते. मात्र पेरलेले खोके उगवण होईपर्यंत घरातील सर्वांत उबदार कोपऱ्यात असावे. त्यावर काच किंवा पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरला असता ओल व ऊब दोन्ही टिकतात.

माती व पात्र

पोयट्याची माती, चाळलेले व पूर्ण कुजलेले शेणखत आणि स्वच्छ वाळू यांचे समभाग मिश्रण रोपांसाठी योग्य असते. कच्चे शेणखत कधीही वापरू नये. त्याने रोग व हुमणीसारखी कीड यांना आमंत्रण मिळते. ज्यांना पुढील वर्षाची तयारी करावयाची असेल त्यांनी मे महिन्यातील कडक उन्हात ही माती ओली करून चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिकखाली झाकून ठेवावी. उष्णतेने मातीतील बरीच रोगबीजे व तणांचे बी नष्ट होते.

टोमॅटो, वांगी व मिरची यांच्यासाठी 8 ते 10 सेंटिमीटर खोलीचे कोणतेही खोके चालते. त्याच्या तळाला छिद्रे असणे मात्र अत्यावश्यक आहे. वेलवर्गीय भाज्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मुळांना धक्का सहन होत नाही. म्हणून प्रत्येक बी स्वतंत्र पात्रात पेरावे लागते. धुऊन तळाला छिद्रे पाडलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या किंवा वर्तमानपत्राच्या कागदाचे केलेले पेले यांसाठी उत्तम. रोप लावताना पिशवी कापून मातीच्या गोळ्यासह रोप आळ्यात ठेवावे. कागदाचा पेला तर तसाच पुरता येतो.

टोमॅटोचे बी साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर आणि भोपळ्याचे सुमारे दोन सेंटिमीटर खोल पेरावे. पेरताना उगवणीचा हिशेबही ध्यानात घ्यावा. प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता टोमॅटो व वांगी यांसाठी 70 टक्के, तर मिरची व वेलवर्गीय भाज्यांसाठी 60 टक्के ठरविण्यात आलेली आहे. एखाद्या कुटुंबास टोमॅटोची 12 झाडे हवी असतील, तर 20 बिया पेराव्यात. त्यांपैकी 14 उगवल्या तरी बियाणे कसोटीस उतरले असे समजावे. पिशवीवरील उगवणक्षमता व मुदतीची तारीख पाहूनच खरेदी करावी आणि पावती जपून ठेवावी.

दुसरी गरज : प्रकाश

नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान्य दसऱ्यापर्यंत चांगले वीतभर वाढते, पण ते पिवळे व लवलवीत असते. देवघरातील मंद प्रकाशात ते उजेडाच्या शोधात उंच होत जाते. त्याच्या अंगी बळ नसते. घटाच्या रुजवणाला पुढे शेतात जावयाचे नसते, म्हणून तेथे हा दोष ठरत नाही. परंतु टोमॅटोचे रोप असे पिवळे व लुकडे झाले, तर वाफ्यात गेल्यावर पहिल्याच वाऱ्यात ते आडवे होते. घरात रोपे करणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान जर कशाने होत असेल, तर ते या एका चुकीने. बी उबेसाठी घरात ठेवले जाते आणि उगवल्यानंतरही ते तेथेच राहते.

म्हणून नियम असा की, मातीतून पहिला अंकुर डोके वर काढताच खोके उन्हात गेले पाहिजे. एक दिवसाचाही विलंब नको. या कामी निसर्ग स्वतः साह्य करतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस ग्वाल्हेर येथे ऐन मध्यान्हीही तो क्षितिजापासून सुमारे 40 अंशच वर असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या पडवीत किंवा सज्जात ऊन थेट आतपर्यंत पोहोचते. रोपांना रोज किमान सहा तास ऊन मिळावे. रोपे एका बाजूस झुकू लागल्यास खोके दररोज फिरवून ठेवावे. सूर्य मावळण्यापूर्वी खोके पुन्हा आत घ्यावे, किंवा त्यावर कामट्यांच्या कमानी करून गोणपाट पसरावे, आणि सकाळी ते न विसरता काढावे. वेलवर्गीय रोपांना दहिवर गोठण्याइतकी थंडी नसली, नुसते 10 अंशांच्या खालचे तापमान वारंवार लाभले, तरी इजा होते, हे लक्षात असू द्यावे.

तिसरी गरज : बेताचे पाणी

थंडीत माती लवकर सुकत नाही. तरीही प्रेमाने रोज झारी फिरवली जाते, आणि एके दिवशी सकाळी निम्मी रोपे जमिनीलगत कापल्यासारखी आडवी झालेली आढळतात. बुंधा पाणचट व बारीक झालेला असतो. ही रोपमर होय. पिथियमसारख्या मातीतील बुरशींमुळे ती होते, आणि दाट पेरणी, साचलेली ओल व कोंदट हवा यांत ती झपाट्याने पसरते. एकदा कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही.

यास्तव माती बोटाने चाचपून पाहावी आणि वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. पाणी सकाळी द्यावे, सायंकाळी देऊ नये. रात्रभर माळ्यावरील टाकीत गार झालेले पाणी न देता ते थोडे कोमट करून घ्यावे. उगवण होताच वरची काच काढून हवा खेळती ठेवावी. दाट उगवलेली रोपे उपटून न काढता कात्रीने कापावीत, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का लागत नाही. पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी बियांना चोळण्याचा व मातीत मिसळण्याचा उपाय रोपमरीस चांगला आळा घालतो. तिची मात्रा वेष्टनावरील सूचनेप्रमाणे घ्यावी.

अखेरची परीक्षा : काटकपणा

छपराखाली वाढलेले रोप म्हणजे लाडात वाढलेले मूल. त्याला एकदम उघड्या वाफ्यात लावले, तर ऊन व वारा यांनी त्याची पाने पांढरी पडून करपतात आणि दोन महिन्यांचे श्रम दोन दिवसांत वाया जातात. म्हणून लावणीपूर्वी सात ते दहा दिवस रोपांना काटक करणे आवश्यक असते. पहिल्या दिवशी तासभर मोकळ्या वाऱ्यात ठेवावे, मग रोज वेळ वाढवीत जावी, आणि शेवटच्या दोन-तीन रात्री, पाल्याची भीती नसल्यास, रोपे बाहेरच राहू द्यावीत. या काळात पाणीही कमी करावे. मात्र रोप मलूल होईपर्यंत ताण देऊ नये. लावणीच्या आदल्या दिवशी पुरेसे पाणी द्यावे आणि लावणी नेहमी सायंकाळी करावी.

पिकांचे वेळापत्रक

ग्वाल्हेर व माळव्याच्या हवामानात पुढील अनुक्रम सोयीचा ठरतो.

वांगी व मिरची : नोव्हेंबरच्या मध्यापासून पेरणी, सुमारे आठ ते दहा आठवड्यांनी, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत लावणी.

टोमॅटो : नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी, आठ ते नऊ आठवड्यांनी लावणी.

दुधी भोपळा, काकडी, गिलके, दोडका, कारले, खरबूज, कलिंगड : जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पिशव्यांत पेरणी, सुमारे चार आठवड्यांनी, दोन ते चार खरी पाने आल्यावर, फेब्रुवारीच्या मध्यास लावणी.

लक्षात ठेवण्यास सोपे म्हणून वेलांचे बी संक्रांतीपर्यंत पिशवीत आणि रोप वसंतपंचमीनंतर वाफ्यात, असे म्हणता येईल. परंतु वसंतपंचमी चांद्रमासाप्रमाणे कधी जानेवारीच्या अखेरीस, तर कधी फेब्रुवारीच्या मध्यास येते. तेव्हा पंचांगाबरोबर हवामान खात्याचा अंदाजही पाहावा आणि पाल्याचा इशारा असल्यास चार दिवस थांबावे. लावणीनंतर अवचित थंडी उलटली, तर सायंकाळी वाफ्यास हलके पाणी द्यावे व रोपांवर गवत किंवा गोणपाट झाकावे. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा ऊब अधिक वेळ धरून ठेवते.

प्रदेश बदलला की हंगाम बदलतो

हे वेळापत्रक सर्वत्र जसेच्या तसे लागू पडणार नाही. बेळगाव व हैदराबाद येथे जानेवारीतील रात्री 15 अंशांच्या आगेमागे असतात. तेथे बियांना मोड आणून घेतले आणि रात्री खोके आत घेतले म्हणजे पुरते. गोव्यात तर त्या महिन्यातही रात्रीचे तापमान 20 अंशांच्या आसपास राहते. थंडीपासून बी जपण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. परंतु गोव्यात बियांचा वैरी दुसरा आहे, तो म्हणजे जूनमधील मुसळधार पाऊस. उघड्या वाफ्यातील बारीक बी पहिल्याच सरींबरोबर वाहून जाते व उरलेली रोपे अतिओलीने कोलमडतात. तेथील बागाईतदारांनी पावसाळी मिरची-वांग्यांची रोपे मे महिन्याच्या उत्तरार्धात पडवीत किंवा पारदर्शक छपराखाली उंच ठेवलेल्या खोक्यांत करावीत. ऊब, प्रकाश, बेताचे पाणी आणि काटकपणा हे चार नियम तेथेही तेच राहतात.

परसबागेस मोठी जमीन लागत नाही, भांडवलही फारसे लागत नाही. लागते ती वेळेची जाण. गच्चीवरील आठ-दहा कुंड्यांपासून ते विहिरीकाठच्या दोन गुंठ्यांपर्यंत, ज्याने आपली रोपे थंडीतच तयार ठेवली, त्याला वसंताचा प्रत्येक दिवस लाभतो. ज्याने थंडी सरण्याची वाट पाहिली, त्याच्या झाडांना फुले येतात ती ऐन उन्हाच्या तडाख्यात. या वर्षी उगवण झाली नाही, तर बियाण्यास दोष देण्यापूर्वी मातीत हात घालून ती किती गार आहे ते पाहावे, आणि तरीही शंका उरल्यास पावतीसह जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा किंवा उद्यान विभागाच्या कार्यालयाचा सल्ला घ्यावा. दोन-चार खोकी, थोडी चाळलेली माती आणि दक्षिणेकडील उन्हाची एक पडवी एवढ्या सामग्रीवर एका कुटुंबाच्या उन्हाळ्यातील भाजीची तजवीज होऊ शकते.